कारवीची काठी, सहा इंची बाज

आम्ही कापडाचे व्यापारी. लाकूडकाम आमचा धंदा नव्हे. तरीही यावेळी इवल्याशा बाजा, खुर्च्या, झोपाळे, बैलगाड्या यांवर लिहीत आहोत, कारण या हुन्नरात घरबसल्या काम आहे. पावसाळ्यात पुण्याहून पौड, ताम्हिणीकडे गिऱ्हाईक लोटते आणि जाताना हातात मावेल अशी वस्तू मागते. सावंतवाडीच्या चितार आळीने लाकडी फळे आणि खेळण्यांवर पिढ्यान्‌पिढ्या संसार चालवले. मुळशीला तसे नाव नाही, पण माल आहे.

पहिला माल कारवी. हे झुडूप साधारण सात-आठ वर्षांनी फुलते आणि वाळते. त्याच्या काठ्यांनी कुडाच्या भिंती बांधत आले आहेत. लहान मापात हीच काठी जुन्या ओंडक्यासारखी दिसते. सोबत बांबू, करवंटी, सुंभ. माप एका फुटाला एक इंच ठेवावे, म्हणजे सहा फुटी बाज सहा इंचांची होते. खिळा मारू नये, वाळकी काठी चिरते. बारीक गिरमिटाने भोक पाडून खुंटी व सरस लावावा.

माल कुठून आणला, हे मात्र सांगता आले पाहिजे. ताम्हिणी 2013 पासून अभयारण्य आहे. तेथून परवानगीशिवाय काडीही उचलू नये. शेताच्या बांधावरच्या बांबूचा प्रश्न 2017 साली सुटला. वनकायद्यातील झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. शेतकऱ्याकडून रोखीने घ्यावा आणि पावती ठेवावी.

खरे नुकसान भुंगा करतो. बांबूतील पिठूळ अंश त्याचे खाद्य. दोन महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या कपाटात पिवळी भुकटी पडू लागली की तुमचे नाव गेले. म्हणून बांबू पावसाळ्यानंतर, थंडीत तोडलेला घ्यावा. शंभर लिटर पाण्यात 2 किलो बोरिक पावडर आणि 3 किलो टाकणखार विरघळवून त्यात काही दिवस बुडवावा, मग सावलीत वाळवावा.

आता आमच्या प्रांतातले. गादी-गोधडीला शिंप्याकडची कात्रणे पुरतात, पण मोठ्या फुलांचे छापील कापड घेऊ नये. सहा इंची गादीवर एकच फूल मावते आणि सगळा डौल बिघडतो. बारीक चौकडी, बारीक पट्टा किंवा मऊ मलमल बरी. जाड कापड दुमडत नाही, बाज फुगलेली दिसते.

खेळणे म्हणून विकायचे असेल तर जपून. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांच्या मालाला सूट आहे. तेव्हा कारागीर ओळखपत्र काढावे. ते नसेल तर शोभेची वस्तू म्हणूनच बनवावी व विकावी. बोरिकचा माल तान्ह्या मुलांच्या तोंडी जाता कामा नये, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे.

किमतीत आपले लोक हमखास फसतात. काडी फुकट, म्हणून वस्तू पन्नास रुपयांत! आठ तासांची मजुरी 600 धरा. बाजेला तीन तास लागले तर मजुरीच 225. त्यात सरस, कापड, खोके, मोडतोड आणि दुकानदाराचा हिस्सा मिळवा. दुकानदार ‘विकल्यावर पैसे’ म्हणाला तर नगांची यादी करून सही घ्यावी आणि ओल लागून बुरशी आलेला माल कोणाच्या माथी, ते पाऊस सुरू होण्याआधीच ठरवावे.