नववीला विषय कोण निवडतो?

बाबासाहेबांना मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले, फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या जिद्दीने मिळवले.

आज मिठबावच्या आपल्या वाडीतल्या मुलाला कोणी अडवत नाही, पण विचारतही कोणी नाही. बाप मुंबईला, आई आंब्याच्या बागेत कामाला. नववीचे विषय पोर एकट्यानेच लिहून देते. (आम्ही कॉमर्सला गेलो तेही असेच, मित्र गेला म्हणून!)

दहावी बोर्डाच्या भाषांत संस्कृतप्रमाणे पालीही आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबर तिलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपली पोरे त्रिसरण-पंचशील तोंडपाठ म्हणतात, अर्थ विचारला की गप्प! शाळा विषय ठरवते ते शिकवणारे कोण आणि घेणारी मुले किती, हे पाहून. मागणीच नसेल तर मुख्याध्यापक पाली कशी सुरू करणार?

तेव्हा बंधुभगिनींनो, आठवीचे वर्ष संपण्याआधीच पालकांनी मिळून लेखी अर्ज द्यावा. तोंडी मागणीची नोंद कुठल्याच कार्यालयात राहत नाही, हे आम्ही कारकून म्हणून सांगतो. मुलांची नावे, सह्या, तारीख घाला. एक नक्कल आपल्याकडे ठेवा आणि तिच्यावर शाळेचा शिक्का मारून घ्या.