पायाशी सरपटणारी आग

नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावची राजवाडी होळी पेटून गेली की एखाद्या रात्री तळोदा किंवा शहाद्याच्या सपाटीवरून उत्तरेला पाहावं. अंधारात सातपुडा दिसत नाही, पण त्याच्या अंगावर तांबूस-पिवळी, वळणावळणाची रेघ दिसते. तासाभराने पाहिलं तर ती बरीच वर चढलेली असते. डोंगर पेटलाय! बघणाऱ्याला वाटतं, सकाळी तिथे कोळसाच उरणार. सकाळी जाऊन पाहावं तर जमीन काळी, बुंधे हातभर उंचीपर्यंत काजळलेले आणि झाडं मात्र जागच्या जागी उभी.

परदेशातले वणवे आठवले की हे आणखीच चक्रावून टाकतं. कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज हे गाव ८ नोव्हेंबर २०१८ रोजी काही तासांत बेचिराख झालं; त्या वणव्याने ८५ माणसांचा बळी घेतला. कॅनडातल्या लिटन गावाने २९ जून २०२१ रोजी ४९.६ अंशांचा देशाचा विक्रम नोंदवला आणि दुसऱ्याच दिवशी ते गाव जवळजवळ सगळं जळून गेलं. नंदुरबारचा पाराही एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी ओलांडतो. मग सातपुड्यातली आग इतकी वेगळी का वागते?

कारण तिकडे झाडाचा शेंडाच जळण असतो. पाइनच्या हिरव्या सुयांतही राळ भरलेली असते, म्हणून आग खोडावरून चढून शेंड्याला भिडते आणि मग शेंड्यांवरूनच पळते. वाऱ्यावर उडालेले निखारे दूरवर नव्या आगी लावतात. आपला साग मात्र मार्चपर्यंत उघडाबोडका होतो. त्याचं सगळं जळण पायाशी पडलेलं असतं, वर पेटण्यासारखं काही नसतंच. त्यामुळे इथली आग सहसा पाचोळ्यातून सरपटत जाते. पानगळीमुळे झाड कडक उन्हाळ्यात पाणी वाचवतं, हे शाळेत शिकवतात. तीच पानगळ आग जमिनीवर खिळवून ठेवते, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

अर्थात तिला पेटवणारी हवाही इथलीच. कापूस निघून गेल्यावर तापीकाठची काळी जमीन उघडी पडते आणि दिवसभर ऊन पिते. मेच्या शेवटच्या आठवड्यात तर भर दुपारी सूर्य इथे थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होते. एरवी ओल्या कपड्यांतलं पाणी ओढणारी ती कोरडी हवा पाचोळाही सुकवते. वाळलेलं पान भोवतालच्या हवेतली ओल तासा-दोन तासांत स्वीकारतं किंवा सोडून देतं. म्हणून पहाटे पाचचं जंगल आणि दुपारी दोनचं जंगल ही आगीच्या हिशेबात दोन वेगळी जंगलं असतात. पहाटे मलूल पडलेला वणवा दुपारी धावू लागतो.

त्यात धडगाव-मोलगीकडचे चढ. ज्वाला वर झुकतात, चढावरचा पाचोळा आधीच भाजून काढतात. उतार १० अंशांचा असला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, २० अंशांचा असला की चौपट. वणव्याच्या वरच्या अंगाला कधी उभं राहू नये ते याचसाठी.

आता झाड का वाचतं ते पाहू. सालीच्या आत जिवंत पेशींचा एक पातळ थर असतो. तो ६० अंशांच्या आसपास तापला की मरतो. साल दुप्पट जाड असेल तर उष्णता आत पोचायला चौपट वेळ लागतो, आणि तेवढ्यात पाचोळ्यातली आग पुढे निघून गेलेली असते. जुना वृक्ष असा सुटतो. अंगठ्याएवढं रोप सुटत नाही.

पण सागाचं रोप त्यातूनही वाट काढतं. वरचा कोंब जळतो, मूळ जमिनीत राहतं. पावसात पुन्हा कोंब येतो, पुन्हा जळतो, मूळ मात्र दरवर्षी जाड होत जातं. वर हातभर दिसणाऱ्या रोपाचं मूळ कित्येक वर्षांचं असू शकतं! एखाद्या वर्षी आग चुकली की ते साठवलेल्या बळावर झपाट्याने उंच होतं आणि आगीच्या टप्प्याबाहेर जातं. हा डाव सगळ्या झाडांना जमत नाही. दरसाल जळणाऱ्या रानात म्हातारी झाडं दिसतात, पण त्यांच्या हाताखाली पुढची पिढी दिसत नाही. नुकसान होतं ते असं, बिनबोभाट.

आणि ही आग पुष्कळदा लागते ती मोहाखाली. सगळं रान करपलेलं असताना हे झाड गोड, रसाळ, मलईच्या रंगाची फुलं देतं. रात्री वटवाघळं त्यांवर येतात, उत्तररात्रीपासून सकाळपर्यंत सडा पडतो. पाचोळ्यात ती फुलं सापडत नाहीत, म्हणून झाडाखालचं पान पेटवलं जातं. आग नीट विझली नाही की डोंगर जातो. वेचणाऱ्यांना दोष देणं सोपं आहे. पण हातात पैसा नसलेल्या महिन्यांत मोह हेच पीक असतं. मात्र मोहाची कोवळी रोपंच त्या आगीत जातात, हे वेचणाऱ्यालाही परवडणारं नाही. पाचोळा झाडून बाजूला करावा किंवा जुनं लुगडं, जाळी अंथरावी. फूलही स्वच्छ राहतं.

वणव्याचा पत्ता आकाशातूनही लागतो. वस्तू जितकी तापते तितक्या आखूड लहरी ती फेकते. तापलेली जमीन ९ मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक ‘चमकते’, तर आग ४ मायक्रॉनजवळ. आगीच्या त्या लहरींवर नजर ठेवणाऱ्या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या ३७५ मीटरचा असतो. तरी त्याहून कितीतरी लहान आगही त्या ठिपक्याला उजळवते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४पासून असे इशारे देते आहे. पण उपग्रह डोक्यावरून दिवसातून मोजक्याच वेळा जातात. सकाळी लागून दुपारपर्यंत डोंगर चाटून गेलेली आग त्यांना चुकू शकते. मोलगीच्या रस्त्यावरच्या माणसाला ती चुकत नाही.

राज्यात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात. त्याआधी वनविभाग जाळरेषा काढतो, म्हणजे ठरावीक पट्टे आधीच जाळून साफ करतो, जेणेकरून पुढे आगीला खायला काही मिळू नये. या चार महिन्यांत डोंगरात धूर दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आणि शक्य असेल तर सकाळीच, पाचोळ्यात थोडी ओल असेपर्यंत.