काटा खोटं बोलतोय का?

दोस्तांनो, गोष्ट एका रविवारची. आमच्या शेजारच्या काकांची जुनी पद्मिनी घाटात आचके देत बंद पडली. डॅशबोर्डवरचा काटा ऐटीत अर्धी टाकी दाखवत होता आणि टाकी मात्र ठणठणीत कोरडी! काकांना कॅन घेऊन पंपापर्यंत पायपीट करावी लागली. घरी आल्या आल्या ते म्हणाले, "मीटरच बिघडलाय. नवा बसवतो."

थांबा! मीटरला शिक्षा करण्याआधी विचारा, त्याला बातमी देतं कोण?

टाकीत एक तरंगणारा फ्लोट असतो. पेट्रोल कमी झालं की तो खाली उतरतो. त्याच्या दांडीमुळे विजेचा रोध बदलतो आणि ही खबर एका वायरीतून काट्यापर्यंत पोचते. परतीची वायर मात्र नसते, तिचं काम गाडीचा पत्राच करतो. मेकॅनिक त्याला 'अर्थ' म्हणतात. तिथे गंज चढला की खबर वाटेतच अडकते. सगळेच काटे एकदम वेड्यासारखे वागू लागले तर आधी अर्थ तपासा. पॉलिश पेपरने जोड घासला की पुष्कळदा काम होतं, तेही फुकटात!

आता स्पीडोमीटर. गिअरबॉक्सपासून एक केबल येते आणि मीटरमधलं चुंबक गरगर फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. चुंबक ॲल्युमिनियमला ओढत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि वाटीही त्याच्यामागे वळू पाहते. एक नाजूक स्प्रिंग तिला मागे खेचते. या रस्सीखेचीत वाटी जिथे थांबते, तिथे काटा! जर्मनीच्या ओटो शुल्झ यांनी १९०२ साली या युक्तीचं पेटंट घेतलं.

आता गुप्तहेर व्हा बरं! काटा आणि किलोमीटरचे आकडे दोन्ही बंद? मग संशय केबलवर. आकडे फिरताहेत, पण काटा मेलेला? दोष मीटरच्या आत. काटा थरथरतोय? बहुधा केबल कोरडी पडली आहे, तिला ग्रीस हवं.

मीटर उघडायचा असेल तर घरातलं मोठं माणूस सोबत हवंच. सर्वांत आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून नंबर द्या आणि वहीत चित्र काढा. स्क्रू रिकाम्या आगपेटीत ठेवा. काट्याला बोट लावू नका, आतली स्प्रिंग केसासारखी असते. आणि टाकीच्या वाटेला स्वतः मुळीच जाऊ नका. पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते.

आणखी एक मोह टाळा. मीटर हातात आला की किलोमीटरचे आकडे मागे फिरवावेसे वाटतील. पण ती दुरुस्ती नव्हे, गाडी विकत घेणाऱ्याची शुद्ध फसवणूक.

मग काकांच्या मीटरचं काय झालं? बॅटरी सोडवून आम्ही टाकीकडून येणारी वायर मीटरपासून काढली. मल्टिमीटरचं एक टोक वायरीला, दुसरं पत्र्याला. आकडा लिहून घेतला. सगळं परत जोडून काका टाकी भरून आले. पुन्हा मोजलं, तर आकडा जसाच्या तसा! फ्लोट टाकीत अडकून बसला होता. गॅरेजवाल्याने तो मोकळा करून दिला.

मुंबईतून काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ साली निवृत्त झाल्या, पण हौशी लोकांनी जपलेल्या पद्मिनी अजून धावतात. त्यातलीच ही एक, आणि तिचा तो जुना मीटर आजही जागेवर आहे. बिचारा खोटं बोलतच नव्हता. त्याला मिळालेली बातमीच चुकीची होती!