शनिवारची संध्याकाळ आणि आधाराची सोबत

शनिवारी दिवस कलला की कोल्हापूरच्या उद्यमनगरातील यंत्रांची घरघर हळूहळू मंदावू लागते. शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील ओतशाळांतून कामगारांच्या दुचाक्या शहराकडे वळतात. आठवडाभर भट्टीच्या धगीसमोर राबलेल्या शरीराला विश्रांती हवी असते, आणि ती मिळणे हा त्याचा हक्कच आहे. मात्र या गर्दीत असाही एखादा गृहस्थ असतो, ज्याने सोमवारपासून शनिवारपर्यंत दारूच्या थेंबालाही स्पर्श केलेला नसतो. त्याच्यापुढे आता आठवड्यातील सर्वांत कठीण काळ उभा असतो. सहा दिवसांचा निर्धार शनिवारच्या एका संध्याकाळी ढासळतो, हा व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव आहे. म्हणूनच दारू सोडणे हा प्रश्न जितका निश्चयाचा, तितकाच तो सुट्टीचे तास कसे आणि कोणाच्या सोबतीने घालवावेत याचाही आहे.

सुट्टी कशासाठी मिळाली?

रविवारची सुट्टी ही आज आपोआप मिळणारी गोष्ट वाटते. परंतु मुंबईच्या गिरणी कामगारांना ती संघर्षाने मिळाली. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून या मागणीचा सातत्याने पाठपुरावा केला आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. श्रमिकाला आठवड्यातून एक दिवस स्वतःसाठी, कुटुंबासाठी आणि समाजासाठी मिळावा, हा त्यामागील विचार होता. महात्मा फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये दारूच्या दुकानांच्या वाढीस लेखी विरोध नोंदविला होता. श्रमिकाच्या घामाचा पैसा गुत्त्यात जाऊ नये आणि त्याचा विश्रांतीचा दिवसही तेथे वाया जाऊ नये, या दोन्ही गोष्टींची चिंता एकाच परंपरेतून आलेली आहे. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. अनेक घरांत आता सलग दोन दिवस मोकळे मिळतात. मोकळा वेळ वाढला, तशी तो सत्कारणी लावण्याची जबाबदारीही वाढली.

प्रश्न केवढा मोठा आहे, हे केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने करवून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीवरून दिसते. दहा ते पंचाहत्तर वर्षे वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी भारतीय मद्यपान करतात, असे त्या पाहणीत आढळले. मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्यांपैकी ३८ जणांत केवळ एकालाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळाले होते. उरलेले सदतीस जण आपापल्या घरी, आपापल्या परीने या सवयीशी झुंजत असतात किंवा तिच्या अधीन झालेले असतात.

इच्छेची लाट

दारू सोडलेल्या माणसाला नेमक्या सुट्टीच्या दिवशीच तिची आठवण का व्हावी? याचे उत्तर मेंदूच्या कार्यपद्धतीत आहे. वारंवार मिळणाऱ्या सुखाची सांगड मेंदू त्या वेळेशी, त्या जागेशी, त्या माणसांशी आणि त्या पदार्थांशीही घालून ठेवतो. शनिवारची संध्याकाळ, हाती आलेला पगार, ठरावीक नाका, ठरावीक मित्र आणि मटणाच्या रश्श्याचा वास यांपैकी एक गोष्ट समोर आली, तरी उरलेल्या साऱ्या जाग्या होतात. ही इच्छा म्हणजे मनाचा दुबळेपणा नव्हे, ती जुन्या सवयीने दिलेली हाक असते.

दिलासा देणारी गोष्ट अशी की ही इच्छा लाटेसारखी येते आणि लाटेसारखीच ओसरते. बहुधा पंधरा ते तीस मिनिटांत तिचा जोर कमी होतो. तेवढा वेळ मन आणि हात दुसरीकडे गुंतविता आले, तर ती वेळ टळते. पोटात भूक, मनात राग, एकटेपणा आणि शरीराचा थकवा या चार अवस्थांत ही लाट अधिक उंच उसळते. शनिवारी संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या माणसाच्या ठिकाणी या चारही अवस्था एकत्र येऊ शकतात. त्यामुळे घरी पोहोचताच काहीतरी खाणे, आंघोळ करणे आणि कोणाच्या तरी सोबतीत बसणे हे साधे उपाय वाटले, तरी ते अत्यंत परिणामकारक ठरतात.

कोल्हापूरची देणगी

सुदैवाने सुट्टीचे तास आनंदाने भरून काढण्याची साधने कोल्हापूरला नव्याने शोधावी लागत नाहीत. या नगरीच्या रोजच्या जीवनातच ती विखुरलेली आहेत. गंगावेशीतील दूधकट्ट्याचेच उदाहरण घ्यावे. गवळी म्हशी घेऊन येतात, समोर धार काढली जाते आणि फेसाळलेले कोमट दूध पेल्यातून हाती येते. चार माणसांत उभे राहून, गप्पा मारीत, हातात पेला धरण्याचा जो आनंद मद्यपी माणूस गुत्त्यात शोधतो, तो येथे निर्मळ स्वरूपात मिळतो. महाराष्ट्रात काही संस्था ३१ डिसेंबरला दुधाचे वाटप करून नववर्षाचे स्वागत करतात. त्या उपक्रमामागील कल्पना कोल्हापूरच्या या कट्ट्यावर वर्षभर नांदत असते.

राजर्षी शाहू महाराजांनी या नगरीला दिलेला मल्लविद्येचा वारसा सर्वश्रुत आहे. १९०२ च्या परदेश प्रवासात रोम येथील प्राचीन प्रेक्षागार त्यांच्या पाहण्यात आले आणि त्या धर्तीवर पुढे १९१२ मध्ये खासबाग मैदान साकारले. दूर बसलेल्यालाही आखाडा स्पष्ट दिसावा, अशी त्याची खोलगट रचना आहे. तालमीतील दिनक्रम पाहटेच्या अंधारात सुरू होतो. जोर-बैठका, लाल मातीतील झुंज आणि त्यानंतर बदामाची थंडाई, असा तो क्रम असतो. ज्याला पहाटे तालमीत उतरायचे आहे, त्याला आदली रात्र जपावीच लागते. प्रौढ वयात कुस्ती खेळणे प्रत्येकाला शक्य नसले, तरी भल्या सकाळी रंकाळ्याच्या काठाने झपझप चालणे किंवा मुलाला बोट धरून तालमीत नेणे कोणालाही शक्य आहे. रविवार सकाळची अशी एखादी ठरलेली भेट शनिवार रात्रीच्या संयमाला बळ देते.

फुटबॉलचा हंगाम असेल, तर राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालीम मंडळांचे संघ झुंजतात आणि साऱ्या पेठा तिकडे लोटतात. संगीताची आवड असणाऱ्यांसाठी १८८३ मध्ये स्थापन झालेल्या देवल क्लबची परंपरा आहे. ज्या गावात खाँसाहेब अल्लादिया खाँ यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते, तेथे सुरांची सोबत मिळणे अवघड नाही. वाचकांसाठी १८५० मध्ये सुरू झालेले करवीर नगर वाचन मंदिर आहे. रविवार हा जोतिबाचा वार. कुशिऱ्याकडून डोंगर चढून जाणाऱ्यास व्यायाम, दर्शन आणि सहवास या तिन्ही गोष्टी एकदम लाभतात. उसाच्या हंगामात एखाद्या परिचिताच्या गुऱ्हाळावर मुलांना घेऊन जावे. कढईतील उकळता रस, ताज्या गुळाचा वास आणि वाटीतील काकवी यांच्या संगतीत दुपार कशी सरते, हे कळतही नाही.

यांपैकी बहुतेक गोष्टींना पैसा थोडा लागतो. एका बाटलीच्या किमतीत साऱ्या कुटुंबाची मिसळ होते आणि संध्याकाळी खासबागेजवळची भेळही. हा हिशेब घरातील मुलांना फार लवकर समजतो.

सावधगिरीच्या जागा

तथापि प्रत्येक मंडळ आणि प्रत्येक मेजवानी आपोआपच निर्व्यसनी असते, असे समजणे भाबडेपणाचे होईल. कोल्हापुरात ‘रस्सा मंडळ’ ही एक खास संस्था आहे. मित्र जमतात, मळ्यात चूल पेटते आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा बेत रंगतो. ही मैत्री मोलाची आहे, परंतु अनेकदा त्याच पंगतीत बाटलीही अवतरते. नुकतीच दारू सोडलेल्या माणसाने आरंभीचे काही महिने अशा ओल्या मेजवान्या टाळणेच हिताचे असते. याचा अर्थ रश्श्यालाच मुकावे असा नव्हे. तोच बेत घरी, बायकामुलांसमवेत करावा. मित्रांनाही तेथेच जेवायला बोलवावे. सवयीची जागा आणि सोबत बदलली, की तोच पदार्थ नव्या आठवणींशी जोडला जातो.

आषाढ अमावास्येला ‘गटारी’ म्हणून मद्यपानाचे निमित्त करण्याची प्रथा पडली आहे. वास्तविक ती दिव्यांची अवस. त्या दिवशी घरातील दिवे घासूनपुसून, मांडून त्यांची पूजा करण्याची आपली रीत आहे. तिथी एकच, परंतु ती कशी साजरी करावयाची याची निवड प्रत्येक घराच्या हाती आहे.

एकट्याने नव्हे, सोबतीने

१० जून १९३५ हा अमेरिकेतील ॲक्रन या शहरात ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ या चळवळीचा आरंभदिन मानला जातो. दारूच्या आहारी गेलेले बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ एकमेकांना भेटले आणि परस्परांशी बोलत राहिल्याने आपण दारूपासून दूर राहू शकतो, हे त्यांच्या ध्यानी आले. आयुष्यभराची शपथ न घेता केवळ आजचा दिवस निभावावयाचा, हे या चळवळीचे सूत्र आहे. महाराष्ट्रातील अनेक शहरांत तिच्या सभा भरतात. तेथे शुल्क नसते आणि सदस्याचे नाव गुप्त राखले जाते. व्यसनी व्यक्तींच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-अॅनॉन’ ही स्वतंत्र संघटना आहे. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानेही उपचारांइतकेच महत्त्व उपचारानंतरच्या सोबतीला दिले. या कार्याच्या आरंभी पु. ल. देशपांडे आणि सुनीता देशपांडे यांचे साहाय्य लाभले होते.

अशा सभेला जाणे ज्याला जमत नसेल, त्याने निदान दोन माणसे हाताशी ठेवावीत. एक घरातील आणि एक घराबाहेरील. शनिवारी संध्याकाळी मन चळू लागले, तर कोणताही संकोच न बाळगता ज्यांना दूरध्वनी करता येईल, अशी ती असावीत. ‘दादा, आज जरा अवघड वाटतंय, येतोस का रंकाळ्यावर?’ एवढे वाक्य उच्चारण्याचे धैर्य पुष्कळदा एका निर्धारापेक्षा अधिक उपयोगी पडते.

कुटुंबाचा वाटा नाजूक आहे. घरी परतलेल्या माणसाच्या तोंडाचा वास घेणे, खिसे तपासणे, मागील चुका मुलांसमोर उगाळणे यांमुळे पाळत वाढते, विश्वास वाढत नाही. पत्नीला पहारेकरी बनविणे हा तिच्यावरही अन्याय आहे. तिने अनेक रविवार भीतीत काढलेले असतात. तिलाही विश्रांती हवी असते. रविवारच्या बेताची भाजी आणणे, कांदा चिरणे, मुलांना फिरायला नेणे ही कामे त्याने अंगावर घेतली, तर त्याचे हात गुंततात आणि तिचा भार हलका होतो. वडील शनिवारी संध्याकाळी काय करणार, हे मुलांना आधीच ठाऊक असणे यासारखे घरात दुसरे स्वास्थ्य नाही.

वैद्यकीय सल्ला आवश्यक

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. रोज मोठ्या प्रमाणात मद्यपान करणाऱ्याने ते एकाएकी बंद केल्यास हातांना कंप सुटणे, घाम येणे, झोप न लागणे असा त्रास होतो. काहींना पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येतात किंवा भ्रम होतो. हा त्रास जिवावरही बेतू शकतो. अशा व्यक्तीने घरच्या घरी प्रयोग न करता प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालय आहे. व्यसनमुक्तीसंबंधी मार्गदर्शनासाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्याविषयी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हे राष्ट्रीय मदत क्रमांक उपलब्ध आहेत.

आरंभीच्या आठवड्यांत रविवार नीरस वाटणे स्वाभाविक आहे. दारूच्या तीव्र उत्तेजनाला सरावलेल्या मनाला साध्या सुखाची चव परत येण्यास अवधी लागतो. झोपेची घडीही सावकाश बसते. मध्येच एखादे वेळी पाय घसरला, तरी सारे संपले असे मानू नये. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा सोबत्यांकडे जावे, आणि कोणती वेळ, कोणती जागा घातक ठरली याचा शोध घेऊन पुढच्या शनिवारची आखणी शुक्रवारीच करावी.

सोमवारी सकाळी उद्यमनगरातील यंत्रे पुन्हा सुरू होतात. रविवार शुद्धीत आणि आपल्या माणसांत घालविलेला कामगार त्या दिवशी वेळेवर आणि ताज्या मनाने कामावर हजर होतो. त्याच्या डब्यात कदाचित आदल्या दिवसाचा उरलेला रस्सा असतो, आणि तो रांधतानाच्या साऱ्या गप्पा त्याला आठवत असतात. ज्या सुट्टीसाठी लोखंडे झगडले, ती सुट्टी त्या घरात खऱ्या अर्थाने पोहोचलेली असते.