चिलिका: डोंगरमाथ्यापासून समुद्रमुखापर्यंत

ओडिशाच्या पुरी, खुर्दा आणि गंजाम या तीन जिल्ह्यांत पसरलेले चिलिका हे भारतातील सर्वांत मोठे खाजण सरोवर. मराठी भूगोलाच्या पुस्तकांतून ते ‘चिल्का’ म्हणून ओळखीचे आहे. ओडिया लोक त्याला चिलिका म्हणतात. हे सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्यामध्ये सुमारे ६० किलोमीटर लांबीचा वाळूचा दांडा आहे. त्यातील मुखातून भरतीचे पाणी आत येते आणि नद्यांचे पाणी बाहेर पडते. पावसाळ्यात सरोवराचा पसारा सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर होतो, तर उन्हाळ्यात तो ९०६ चौरस किलोमीटरपर्यंत आक्रसतो. एवढा विस्तार असूनही पाणी उथळ. सरासरी खोली दोन मीटरही भरत नाही.

या पाण्याला तीन धनी आहेत. उत्तरेकडून महानदीच्या दया, भार्गवी या शाखा गोडे पाणी आणि गाळ आणतात. पश्चिमेकडे पूर्व घाटाच्या टेकड्यांवरून सालिया, कुसुमी, कंसारी असे ओढे-नद्या उतरतात आणि पूर्वेकडून समुद्र येतो. त्यामुळे उत्तरेला पाणी जवळपास गोडे, मध्ये मचूळ आणि मुखापाशी खारे असते. ऋतूप्रमाणे या सीमा पुढेमागे सरकतात. उत्तरेच्या काठाला देवनळाची बने, दक्षिणेला समुद्री गवत, समुद्रात अंडी घालून पिल्ले आत पाठवणारी कोळंबी, बोय, खेकडे आणि हिवाळ्यात येणारे लाखो पक्षी, हे सगळे या खारेपणाच्या तोलावर जगते. चिलिका राखायची म्हणजे नुसते सरोवर राखून भागत नाही, ते याचमुळे. तिचे दुखणे बहुतेकदा तिच्या काठाबाहेर सुरू होते.

काठावरच्या दीडशेच्या आसपास गावांत दोन लाखांवर मच्छीमार समाज राहतो. केउट, कंडरा, तिअर, नोलिया अशा त्यांच्या जाती आणि प्रत्येकीची मासे धरण्याची साधने वेगळी. पाण्याचीही वाटणी ठरलेली असे. उथळ भागात बांबूच्या तट्ट्यांचे कुंपण घालून, पाणी ओसरताना मासे धरायची जागा ती ‘जानो’. खोल, मोकळ्या पाण्यात जाळे टाकायची ती ‘बहनी’. कोणत्या गावाने कोणत्या पाण्यात, कोणत्या महिन्यात आणि कशाने मासेमारी करायची, हे रूढीने बांधलेले होते. परिकुद, खल्लिकोट यांसारख्या संस्थानिक-जमीनदारांच्या काळात त्यासाठी खंड भरावा लागे. जमीनदारी गेल्यावर पाणी सरकारकडे आले आणि १९५९पासून मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ते पट्ट्याने देण्याची पद्धत रुजली. आज ज्याला लोकसहभाग म्हणतात, त्याची एक जुनी घडी इथे होतीच. ती विस्कटली कशी, हे पाहिल्याशिवाय पुढचे प्रयत्न समजत नाहीत.

१९८०च्या दशकात टायगर कोळंबीला परदेशात मोठा भाव येऊ लागला आणि चिलिकाचे उथळ पाणी सोन्यासारखे झाले. बाहेरचा पैसा आला. जाळी व बांबू रोवून पाणी अडवणाऱ्या कोळंबीच्या घेऱ्या काठाने वाढत गेल्या. एका मोठ्या उद्योगसमूहाच्या भागीदारीतील कोळंबी प्रकल्पाविरुद्ध मच्छीमार, विद्यार्थी आणि कार्यकर्ते यांनी ‘चिलिका बचाओ’ आंदोलन उभारले आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तो प्रकल्प मागे घ्यावा लागला. मात्र १९९१च्या पट्टा धोरणाने मासे ‘पकडण्याची’ आणि कोळंबी ‘पाळण्याची’ जागा वेगवेगळी धरून दुसरीत बिगरमच्छीमारांनाही वाट करून दिली. डिसेंबर १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चिलिका आणि पुलिकत या सरोवरांपासून १,००० मीटरच्या आत पारंपरिक व सुधारित पारंपरिक पद्धती वगळता कोळंबीशेतीला मनाई केली. घेऱ्या तरीही हटल्या नाहीत. त्या स्वतः मोडण्यासाठी निघालेल्या मच्छीमारांवर सोराना गावात २९ मे १९९९च्या रात्री पोलिसांचा गोळीबार झाला आणि चार माणसे मेली. चिलिकाच्या संवर्धनाचा इतिहास सांगताना ही रात्र गाळता येत नाही.

दुसरे संकट शांतपणे आले. टेकड्यांवरचे जंगल विरळ होत गेले तसा ओढ्यांबरोबर गाळ वाढला. किनाऱ्याने वाहणाऱ्या वाळूने मुख ईशान्येकडे ढकलले. सरोवर आणि समुद्र यांना जोडणारी वाट लांबली आणि बुजू लागली. भरतीचा जोर आत पोचेना, खारेपणा घटला आणि गोड्या पाण्यातले तण पसरले. माशांची पिल्लेही आत येईनाशी झाली. १९८१मध्ये राजस्थानातील केवलादेवबरोबर भारताचे पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरलेले चिलिका १९९३मध्ये रामसर कराराच्या माँत्रो नोंदवहीत, म्हणजे ढासळत्या पाणथळींच्या यादीत, दाखल झाले.

राज्य सरकारने १९९१मध्येच चिलिका विकास प्राधिकरण स्थापन केले होते. नवे मुख कुठे काढावे, याच्या अभ्यासात खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आणि गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांचा सहभाग होता. २३ सप्टेंबर २००० रोजी सिपकुदाजवळ वाळूचा दांडा फोडून ते मुख उघडले आणि समुद्राकडची वाट १८ किलोमीटरनी कमी झाली. १९९९-२००० मध्ये सुमारे १,७५० टनांवर आलेली वर्षाची मासळी २००१-०२ मध्ये १२,००० टनांच्या जवळ पोचली. २००२मध्ये चिलिकाचे नाव माँत्रो नोंदवहीतून निघाले. असे नाव निघालेले ते आशियातील पहिले स्थळ. त्याच वर्षी प्राधिकरणाला रामसर पाणथळ संवर्धन पुरस्कार मिळाला.

मुख उघडणे हे यंत्रांचे काम होते आणि ते डोळ्यांत भरले. पश्चिमेच्या टेकड्यांवरचे काम त्या मानाने अबोल, पण तितकेच महत्त्वाचे आहे. मुखातून गाळ बाहेर जाऊ लागला, तरी वरून येणारा थांबला नाही तर वाट पुन्हा बुजणारच. म्हणून प्राधिकरणाने पाणलोटाचे छोटे-छोटे तुकडे पाडून त्यांचे नियोजन गावांकडे दिले. स्वयंसेवी संस्था मध्यस्थ झाल्या. आधी गावकऱ्यांचे प्रशिक्षण, मग गावाची पाणलोट समिती आणि त्यानंतर शिवारफेरीतून गावानेच केलेला आराखडा, असा क्रम राहिला. माथ्यावर झाडे, उतारावर चर आणि बांध, ओघळींत अनघड दगडांचे अडसर, पायथ्याशी तळी: महाराष्ट्रात ज्याला ‘माथा ते पायथा’ म्हणतात तेच हे. बांधांमागे गाळ अडतो तो चिलिकासाठी, पण पाणी मुरते ते गावाच्या विहिरीसाठी आणि दुसऱ्या पिकासाठी. टेकडीवरच्या शेतकऱ्याचा सरोवरातल्या बोयशी काही संबंध नसतो. त्याला जोडून घ्यायचे तर त्याच्या शेतातच काही उगवावे लागते, हे ओळखून काम आखले गेले, यात त्याचे खरे शहाणपण आहे. महिलांचे बचत गट, रोपवाटिका, कमी सरपण लागणाऱ्या चुली ही कामेही त्याला जोडून आली. जंगलावरचा रोजचा भार सरपणाचाच असतो.

लोकांच्या भागीदारीचे सर्वांत नावाजलेले उदाहरण सरोवराच्या ईशान्य कडेला आहे. खुर्दा जिल्ह्यातील टांगीजवळचे मंगलाजोडी हे गाव एकेकाळी पक्ष्यांच्या शिकारीसाठी कुप्रसिद्ध होते. बंदुका, जाळी, विषारी आमिषे या सगळ्यांनी बदके व पाणटिवळे मारून बाजारात पाठवले जात. अंडीही गोळा होत. १९९०च्या दशकात इथल्या पाणथळीतले पक्षी काही हजारांवर आले. ‘वाइल्ड ओरिसा’ या संस्थेचे नंदकिशोर भुजबळ यांनी शिकाऱ्यांशी बोलणे सुरू केले. खटले भरून गाव बदलणार नाही, शिकारीइतकी मिळकत दुसरीकडून झाली तर बदलेल, हा त्यामागचा विचार होता. २०००मध्ये जुन्या शिकाऱ्यांचीच श्री श्री महावीर पक्षी सुरक्षा समिती उभी राहिली. कोणता पक्षी कुठल्या गवतात रात्र काढतो, पाणी किती उतरले की पाणटिवळे कुठे चरायला येतात, हे ज्ञान पूर्वी नेम धरायला लागे. तेच आता गस्तीला आणि पर्यटकांना पक्षी दाखवायला लागते. पुढे निसर्ग पर्यटनाचा न्यास स्थापन झाला आणि २०१८मध्ये जागतिक पर्यटन संघटनेच्या नवोपक्रम पुरस्कारांत त्याचा गौरव झाला.

मंगलाजोडीत होड्यांना इंजिन नसते. सपाट तळाची होडी बांबूने रेटत देवनळाच्या चिंचोळ्या वाटांतून नेतात. काळ्या शेपटीचे पाणटिवळे, चक्रवाक, तलवार बदके, जांभळ्या पाणकोंबड्या काही हातांवर निवांत चरत असतात. शिकार थांबल्याची यापेक्षा मोठी खूण कोणती? अलीकडच्या हिवाळी गणनांत साऱ्या चिलिकात दहा-अकरा लाख पक्षी मोजले गेले आणि त्यातले सुमारे तीन लाख मंगलाजोडी परिसरात होते. सरोवराच्या मध्यभागी नळबन हे १५.५३ चौरस किलोमीटरचे पक्षी अभयारण्य आहे. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाते आणि हिवाळ्याच्या तोंडावर वर येते. तिथे वनखात्याचा पहारा असतो. मंगलाजोडीला मात्र अभयारण्याचा दर्जा नसूनही पक्षी गावाच्या भरवशावर राहिले.

पूर्वेकडे समुद्राच्या वाटेवर सातपाडा आहे. इथे लोकांच्या रोजगाराचे माध्यम म्हणजे इरावती डॉल्फिन. आखूड गोल तोंडाचा, लाजरा असा हा प्राणी चिलिकात सुमारे दीडशेच्या संख्येने आहे. नावाडी मंडळींच्या संघटना पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतात. अनेक होड्या एकाच कळपामागे लागल्या की त्याला त्रास होतो आणि पंख्याच्या पात्यांनी जखमा होतात. म्हणून प्राधिकरणाने नावाड्यांना प्रशिक्षण दिले, अंतर राखण्याचे आणि इंजिन बंद करण्याचे नियम घातले. हे नियम सुटीच्या गर्दीत सैल पडतात. मंगलाजोडीत गावाच्या हाती संख्येचा आणि वेगाचा ताबा आहे. सातपाड्यात पोटासाठी होड्यांची स्पर्धा आहे. दोन्ही ठिकाणी पर्यटनच असले तरी फरक मोठा आहे.

सरोवराची तब्येत लोकांना समजेल अशा भाषेत सांगण्यासाठी २०१२मध्ये चिलिकाचे ‘प्रगतिपुस्तक’ काढण्यात आले. पाण्याचा दर्जा, मासळी, जैवविविधता यांना गुण देऊन एकंदर ‘बी’ श्रेणी दिली गेली. भारतातील सरोवरासाठी असा प्रयोग पहिलाच. शास्त्रज्ञांच्या मोजमापाचे आकडे मच्छीमार संस्थांच्या बैठकीत मांडता येणे, ही त्याची उपयुक्तता.

घेऱ्यांचा प्रश्न मात्र अजून निकालात निघालेला नाही. न्यायालयांचे आदेश आणि प्रशासनाच्या मोहिमा यांनंतर घेऱ्या मोडल्या जातात आणि पुन्हा उभ्या राहतात. अगदी बारीक आसाच्या ‘झीरो’ जाळ्यांत माशांची पिल्लेही अडकतात, वाहत्या पाण्याला अटकाव होतो आणि डॉल्फिनच्या वाटा अडतात. पारंपरिक मच्छीमार जुन्या पाणीवाटपाचा हक्क मागतात. कोळंबीच्या पैशावर उभ्या राहिलेल्या बिगरमच्छीमार कुटुंबांना तो पैसा सोडवत नाही. पाणलोटात आणि मंगलाजोडीत भागीदारी जमली, कारण तिथे देण्यासारखे काही नवीन होते. इथे आहे तेच पाणी वाटायचे आहे, आणि ते कोणाचे हे शासनाने स्पष्टपणे ठरवून अमलात आणल्याशिवाय कोणतीही समिती फार पुढे जाऊ शकणार नाही.

निसर्गही आपली फेरमांडणी करत असतो. ऑक्टोबर २०१३च्या फायलिन चक्रीवादळानंतर गोड्या पाण्याचा मोठा लोंढा आत आला. मे २०१९च्या फनीने वाळूच्या दांड्याला नवी मुखे पाडली. मुख कुठे सरकले, खारेपणा किती बदलला याची नोंद बारकुल येथील पाणथळ संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सतत ठेवते.

चिलिका पाहण्याचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हावडा-चेन्नई लोहमार्ग सरोवराच्या पश्चिम काठाने जातो आणि बालुगाव स्थानकावर उतरून बारकुल गाठता येते. तिथून कालीजाई देवीच्या बेटावर होड्या जातात. सातपाडा पुरीहून, तर मंगलाजोडी भुवनेश्वरहून टांगीमार्गे जवळ पडते. पक्ष्यांसाठी पहाटेची होडी घ्यावी आणि ती गावातल्याच नावाड्याची घ्यावी.