तीराचा टप्पा व धनुष्याचा ताण

जुन्या कागदांत ‘एक तीराचा टप्पा’ असें अंतर आढळलें, म्हणजे तें किती धरावें हा प्रश्न संग्राहकांस पडतो. संग्रहांत धनुष्य व तीर असतील, तर त्यांवरूनच याचें उत्तर बरेंचसें काढतां येतें. गोंदिया जिल्ह्यांतील (हा १९९९ सालीं भंडाऱ्यांतून वेगळा झाला) सालेकसा, देवरी हे तालुके गोंडांच्या जुन्या वस्तीचे. अशा अरण्यप्रदेशांतील बांबूचें धनुष्य आपण उदाहरणादाखल घेऊं.

‘इतक्या जोराचें धनुष्य, म्हणून इतका वेग’ असें म्हणणें अपुरें आहे. तो जोर तीरास किती अंतरभर रेटीत होता, हेंहि सांगितलें पाहिजे. धनुष्य मध्यावर टांगून दोरीस वजनें अडकवावीं. दोरी पूर्ण ओढीइतकी उतरली कीं तें वजन म्हणजे ताण. (जुन्या धनुष्यावर हा प्रयोग कदापि करूं नये. वाळलेला बांबू तडकतो. त्याच मापाची प्रतिकृति करवून घ्यावी.) समजा, ताण १५ किलो, ओढ ६० सेंटिमीटर व तीर ४० ग्रॅमचा भरला. ताण शून्यापासून वाढत जातो, म्हणून सरासरी ७॥ किलो धरावी. हा सरासरी जोर व ओढ यांचा गुणाकार म्हणजे तीरावर झालेलें कार्य; तें तीराच्या वस्तुमानाच्या निम्मे गुणिले वेगाचा वर्ग याबरोबर मांडलें, कीं वेग सेकंदास सुमारें ४७ मीटर येतो.

टप्प्यासाठीं तर वर्गमूळहि नको. ताणास ओढीनें गुणून तीराच्या वजनानें भागावें: २२५ मीटर. ४५ अंशांत सोडलेल्या तीराची ही कमाल मर्यादा होय. प्रत्यक्षांत धनुष्याच्या भुजा हलविण्यांतच बरेंचसें कार्य खर्ची पडतें. निम्मे गेलें असें मानल्यास वेग ३३ मीटर व टप्पा ११२ मीटर उरतो. वाऱ्याचा विरोध तोहि घटवितो. अर्धा कोस, म्हणजे सुमारें दीड किलोमीटर, तीर गेल्याचें कोणीं लिहिलें असेल, तर याच ओढीस व तीरास, कांहींहि खर्ची न पडतां, १०० किलोंचा ताण लागेल. तो कोणा मनुष्याच्या हातून ओढला गेला असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

मात्र कागदांत ‘बाण’ असेल तर हा हिशेब लावूं नये. मराठेशाहीच्या कागदांतील बाण हा बहुधा दारूचा अग्निबाण, व बाणदार तो सोडणारा. धनुर्धारी तो तीरंदाज. अग्निबाणांतील दारू सुटल्यानंतरहि जळत राहून त्यास रेटते, त्यामुळें सुटतेवेळचा वेग त्याचा टप्पा ठरवीत नाहीं. तोफेंत जोर नळीबाहेर पडतांच संपतो खरा, पण तो क्षणोक्षणीं बदलतो व वजनें टांगून मोजतां येत नाहीं. म्हणून बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानें १७४२ सालच्या आपल्या ग्रंथांत उलट वाट धरिली: टांगलेल्या लंबकावर गोळी मारून, लंबक किती झुलला यावरून त्यानें वेग काढिला.

ज्यांच्या संग्रहीं धनुष्य व त्याचाच तीर असेल, त्यांनीं तीराचें वजन व लांबी टिपून ठेवावी. तीराच्या लांबीवरून ओढीची कमाल मर्यादा कळते. अनेक याद्यांत ही दोन मापेंच नसतात.