जी. एन. जोशी : गायक ते एचएमव्हीचे अधिकारी

जी. एन. जोशी हे मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतले गायक. १९३२ साली निघालेल्या त्यांच्या एका तबकडीपासून मराठी भावगीताचा जमाना सुरू झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मात्र त्यांच्या उमेदीची बहुतेक वर्षे स्वतः गाण्यात गेली नाहीत, ती दुसऱ्यांचे गाणे तबकडीवर आणण्यात गेली. १९३८ साली ते ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ म्हणजे एचएमव्ही कंपनीत दाखल झाले आणि पुढची तीसहून अधिक वर्षे मुंबईत ध्वनिमुद्रणाचे काम पाहत राहिले. हिंदुस्थानी संगीताचा जो ठेवा आज सहज ऐकायला मिळतो, त्यातला मोठा हिस्सा त्यांच्या हाताखालून गेलेला आहे.

त्यांचा जन्म १९०९ सालचा, विदर्भातला. शिक्षण कायद्याचे झाले, ओढ मात्र गाण्याची होती. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे हे त्यांच्याच वयाचे, तेही विदर्भातले आणि पेशाने वकील. देशपांड्यांच्या ‘शीळ’ या कवितेला जोशींनी चाल लावली आणि ती एचएमव्हीच्या तबकडीवर गायली; १९३२ सालची ती तबकडी हीच. गाणे तुफान चालले. देशपांड्यांचा कवितासंग्रह निघायला १९५४ साल उजाडले, म्हणजे पुस्तकाच्या कितीतरी आधी ही कविता घरोघर पोचली होती. तोवर मराठी तबकड्यांवर नाट्यपदे, लावण्या, भजने आणि ख्याल-ठुमऱ्या यांचेच राज्य होते. हयात कवीची नवी कविता, तिला साधी, शब्द दबू न देणारी चाल आणि तान-आलापांचा सोस नसलेला गळा, हे रसायन लोकांना नवे होते. पुढे गजाननराव वाटव्यांनी हाच प्रकार मैफलीत नेला आणि गावोगाव रुजवला.

भावगीत आणि तबकडी यांची जोडी जमली, त्यात तबकडीच्या लांबीचाही वाटा होता. दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे. चार कडव्यांच्या कवितेला तेवढा वेळ पुरतो. ख्यालाला पुरत नाही. ज्या मापात जोशींचे स्वतःचे गाणे नेमके बसत होते, त्याच मापात त्यांना पुढे उस्तादांचे गाणे बसवायचे होते. गायक म्हणून जी गोष्ट पथ्यावर पडली, तीच अधिकारी म्हणून त्यांची सगळ्यात मोठी अडचण ठरली.

गायकीच्या त्या सुरुवातीच्या काळात जोशींनी गंगूबाई हनगल यांच्याबरोबर युगुलगीतेही गायली. गंगूबाईंचे नाव तेव्हा तबकडीवर ‘गांधारी’ असे छापले जाई, कारण कंपनीला ‘गंगूबाई’ हे नाव जुनाट वाटले होते. पुढे किराणा घराण्याच्या ज्येष्ठ गायिका म्हणून देशभर मान मिळवलेल्या बाईंनी मराठी प्रेमगीते गायलेली ऐकून आजचा श्रोता चकित होतो. गाण्याची निवड, कलावंताचे नाव, जोडीला कोण हे सारे ठरवण्यात कंपनीचा हात किती खोलवर असे, हे त्यावरून कळते.

ही कंपनी मूळची ब्रिटिश. भारतातले तिचे पहिले ध्वनिमुद्रण कलकत्त्यात नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग या तंत्रज्ञाने केले आणि त्यातूनच गौहरजान हे नाव देशभर झाले. त्या काळातल्या तबकड्यांच्या शेवटी गायिका आपले नाव इंग्रजीत पुकारते. ते मिरवण्यासाठी नव्हते. तबकड्या जर्मनीत छापल्या जात आणि तिथल्या कारागिरांना हे गाणे कोणाचे हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. पुढे छपाई कलकत्त्यात आली आणि डमडमचा कारखाना कंपनीचा मुख्य आधार झाला. १९२५ नंतर भोंग्यात तोंड घालून ओरडण्याऐवजी मायक्रोफोनसमोर गाता येऊ लागले, म्हणून हळुवार गाणे शक्य झाले. भावगीताचा जन्म या बदलानंतरचा आहे, हे ध्यानात घ्यायला हवे.

जोशी कंपनीत आले तेव्हा टेप नव्हती. ध्वनिमुद्रण मेणाच्या जाड तबकडीवर होई. मेण आधी थोडे ऊबदार करून ठेवत, म्हणजे सुई नीट कोरत जाई. लाल दिवा लागला की गाणे सुरू, आणि एकदा सुरू झाले की मध्ये थांबायची सोय नाही. तबलजीचा हात चुकला, गायकाला खोकला आला किंवा वेळ चार सेकंदांनी उलटली, तर ते मेण बाद. मुद्रण ऐकून पाहायचे तरी पंचाईत, कारण मेणावर सुई फिरवली की खाचा खराब होत आणि त्या तबकडीचा साचा काढता येत नसे. म्हणून एक मेण ऐकण्यापुरते आणि दुसरे साच्यासाठी, असा खर्च करावा लागे. तासन्तास गाणाऱ्या कलावंताला अशा खोलीत, श्रोत्यांशिवाय, घड्याळाकडे पाहत रंगायला सांगायचे. बंदिशीची स्थायी किती वेळा घ्यायची, अंतरा कुठे आणायचा, तानांना किती जागा ठेवायची याचा हिशोब आधीच मांडावा लागे. हा हिशोब करणारा माणूस स्वतः गाणारा असला तर तो कुठे कात्री चालते आणि कुठे चालत नाही हे जाणतो. जोशींचा उपयोग कंपनीला इथे होता, आणि कलावंतांनाही.

रेकॉर्डिंग अधिकाऱ्याचे काम स्टुडिओत सुरू होत नसे. कोणाला बोलवायचे, किती पैसे द्यायचे, एकरकमी की रॉयल्टीवर, साथीला कोण, दोन बाजूंवर कोणते राग, हे सगळे आधी ठरवायचे. त्याआधी कलावंताच्या घरी खेपा घालायच्या. जुन्या पिढीतल्या अनेकांना तबकडीचे वावडे होते. कोणी म्हणे विद्या चोरीला जाईल, कोणाला आपले गाणे पानाच्या ठेल्यावर वाजणे मंजूर नसे. या नकाराची किंमत मोठी आहे. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांची एकही तबकडी नाही. जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ तर १९४६ पर्यंत हयात होते, अखेरची वर्षे मुंबईतच होते, कंपनी त्याच शहरात होती, तरी त्यांचा आवाज आज ऐकायला मिळत नाही. ज्यांचा आवाज टिकला त्यांच्या मागे कोणीतरी चिकाटीने लागलेले होते.

बाजारात एचएमव्हीची जवळजवळ मक्तेदारी होती. त्यामुळे मुंबईतल्या या खुर्चीवरचा माणूस कोणाचा गळा देशभर पोचेल आणि कोणाचा गल्लीतच राहील हे बऱ्याच अंशी ठरवू शकत होता. इतकी सत्ता एका हातात असणे फारसे निरोगी नव्हे. दुसरीकडे हेही खरे, की कंपनीचा गल्ला शास्त्रीय संगीतावर भरत नव्हता. बीड-परळीकडच्या लग्नमांडवात काय किंवा मुंबईच्या इराण्याच्या हॉटेलात काय, वाजत ती सिनेमाची गाणी. ख्यालाच्या तबकडीची जागा यादीत राखायची तर कंपनीतच कोणीतरी तिची वकिली करणारे हवे होते, आणि जोशी शिकलेही होते वकिलीच.

भारतात १९५० च्या दशकाच्या अखेरीस लाँग प्ले, म्हणजे एलपी, आली आणि अडचणीचे मूळच निघाले. मिनिटाला तेहतीस फेरे घेणाऱ्या या तबकडीच्या एका बाजूवर वीस मिनिटांच्या वर गाणे मावू लागले. टेपही आली होती, त्यामुळे चुकले तर पुन्हा घेता येई. या बदलाचा अर्थ अमीर खाँ यांच्या उदाहरणावरून चांगला समजतो. त्यांची खासियत झुमरा तालातल्या अतिविलंबित ख्यालात, एकेका स्वराजवळ रेंगाळण्यात होती. सव्वातीन मिनिटांत असा गायक सुरुवातही करू शकत नाही. १९६० साली एचएमव्हीने त्यांची एलपी काढली. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. अनेक तरुण गायकांनी पुढे ही तबकडी घासून गुळगुळीत होईपर्यंत ऐकली. अमीर खाँ १९७४ साली कलकत्त्यात मोटार अपघातात गेले. हातात वेळ किती थोडा होता हे नंतर कळले.

जोशींचे स्वतःचे म्हणावे असे काम १९६७ सालचे. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या एलपीची कल्पना आणि निर्मिती त्यांची, तसा उल्लेख तबकडीच्या वेष्टनावर आहे. संतूर शिवकुमार शर्मा, बासरी हरिप्रसाद चौरसिया, गिटार ब्रिजभूषण काबरा, तबला माणिकराव पोपटकर. शर्मा आणि चौरसिया तेव्हा तिशीही न गाठलेले. तिन्ही वाद्ये शास्त्रीय मैफलीच्या मानाच्या पंगतीत नव्याने बसू पाहणारी. संतूर काश्मीरच्या सूफियाना संगीतातले, बासरीला पन्नालाल घोषांनी नुकती प्रतिष्ठा मिळवून दिलेली, आणि गिटार तर परदेशीच. कल्पना अशी, की काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत रागांमधून उभा करायचा. पहाटेला अहिर भैरव आणि नट भैरव, मग पिलू. दुसऱ्या बाजूला भूप, देस आणि शेवटी पहाडी. एकूण अडतीस मिनिटांच्या आसपास.

रागाला समयाचे बंधन असते ही आपल्याकडची जुनी समजूत. जोशींनी तिचाच कथानकासारखा उपयोग केला. रागसंगीत न समजणाऱ्यालाही पहाट, दुपार, संध्याकाळ हा क्रम कळतो. शिवाय एकाच रागाचा वीस मिनिटांचा विस्तार न ठेवता तुकडे छोटे ठेवले. इथे त्यांच्यातला जुना भावगीत गायक बोलतो, असे म्हटले तर चुकणार नाही. थोडक्यात भाव उभा करायचा आणि पुढे जायचे, ही सवय त्यांना ७८ च्या तबकडीने लावली होती. शुद्धतेच्या आग्रही मंडळींनी अशा कामाकडे नाक मुरडून पाहणे स्वाभाविक होते. पण ही तबकडी परदेशात खपली, जॉर्ज हॅरिसनसारखे लोक तिचे चाहते झाले, आणि संतूर-बासरी ही जोडी पुढची कित्येक वर्षे ‘शिव-हरी’ म्हणून गाजली, अगदी हिंदी सिनेमापर्यंत.

गायक-वादकाने कंपनीत बसण्याचे उदाहरण जोशींचे एकटे नाही. मल्लिकार्जुन मन्सूर काही काळ एचएमव्हीत संगीत दिग्दर्शक होते. श्रीनिवास खळे आकाशवाणीनंतर याच कंपनीत आले. जगात आज या वाटेचे सर्वांत ठळक रूप दक्षिण कोरियात दिसते. १९७० च्या दशकात लोकप्रिय गायक असलेल्या ली सू-मान यांनी एसएम एंटरटेनमेंट ही कंपनी उभी केली. ‘सो ताइजी अँड बॉइज’ या गाजलेल्या त्रिकुटातले यांग ह्युन-सुक यांनी १९९६ साली वायजी काढली. गायक पार्क जिन-यंग यांच्या नावाची आद्याक्षरे त्यांच्या जेवायपी कंपनीला मिळाली. या कंपन्या शाळकरी मुलामुलींना निवडतात, काही वर्षे गाणे-नाच शिकवतात आणि मग बाजारात आणतात. जोशींच्या कामात घडवण्याचा हा भाग नव्हता. त्यांच्याकडे येणारा कलावंत गुरूच्या घरी तयार होऊन आलेला असे. आणखी मोठा फरक मालकीचा. कोरियातले हे तिघे आपापल्या कंपन्यांचे संस्थापक आहेत, जोशी पगारदार होते. भांडवल इंग्लंडचे, छपाई कलकत्त्याची, हिशोब तिसरीकडे. तबकडी कितीही खपली तरी त्यांच्या पदरी पगार आणि वेष्टनावर बारीक अक्षरातले नाव.

स्वतःच्या गाण्यालाही त्यांनी किंमत मोजली. नोकरी सुरू झाल्यावर गायक जोशी हळूहळू मागे पडले. ज्याने दुसऱ्यांना संधी द्यायची त्याने स्वतःच्याच तबकड्या काढत राहणे शोभले नसते, आणि वेळही उरत नसे. आठवणी मात्र त्यांनी लिहून ठेवल्या. मराठीत ‘स्वरगंगेच्या तीरी’ आणि इंग्रजीत १९८४ साली ‘डाउन मेलडी लेन’ ही त्यांची पुस्तके म्हणजे बड्या कलावंतांच्या स्वभावाचा, लहरींचा आणि स्टुडिओतल्या प्रसंगांचा खजिना आहे. विसाव्या शतकाच्या मधल्या काळातल्या ध्वनिमुद्रणावर काम करणाऱ्याला ती टाळून पुढे जाता येत नाही, कारण स्टुडिओच्या काचेच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या माणसाने इतक्या तपशिलात लिहिल्याची उदाहरणे कमी आहेत.

जोशींचे १९९४ साली निधन झाले. त्याआधी दशकभर कंपनी आरपीजी उद्योगसमूहाकडे गेली होती आणि पुढे २००० साली तिचे नाव ‘सारेगामा’ झाले. जुनी ध्वनिमुद्रणे त्याच कंपनीच्या मालकीची असून ती आता मोबाइलवर मिळतात. तिथे गायकाचे नाव असते, रागाचे असते, निर्मात्याचे बहुधा नसते.